तोडा, शिंगडी आणि डहाणूची खारी हवा

आज पागोट्याच्या बांधणीबद्दल लिहायचे ठरले होते, पण ते पुढे ढकलतो. डहाणूजवळच्या आगरहून एका शिक्षकांचे पत्र आले आहे आणि ते बाजूला ठेववेना. गावातली मुले वसईच्या मोहिमेवर नाटक बसवताहेत. त्यात डहाणूचा कोट सर होतो. लाकडी बंदुका तयार झाल्या आहेत. गुरुजी विचारतात, "प्याद्याच्या कमरेला काय काय लटकवायचे?"

आधी साल पक्के करा. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर, डहाणू हा सगळा किनारा 1739 च्या सुमारास पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव कामी आले. मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेतल्या मराठी प्याद्याकडे तोड्याची बंदूक असायची. कागदी काडतुसांचे चामडी तोसदान खांद्यावरच्या आडव्या पट्ट्याला अडकवणारा शिपाई कवायती पलटणींचा. त्याचा खरा काळ महादजी शिंद्यांच्या कंपूंचा, म्हणजे 1784 नंतरचा. मिरवणुकांत ही दोन्ही सामाने एकाच अंगावर चढवलेली दिसतात, तेव्हा मला राहवत नाही. मधे जवळजवळ अर्धे शतक गेलेले असते.

तेव्हा 1739 च्या प्याद्याला द्यायचे ते असे: बारुदाची शिंगडी, बंदुकीचा कान भरायला बारीक रंजकाची वेगळी लहान शिंगडी, शिशाच्या गोळ्यांची चामडी पिशवी, चकमक-गारगोटी आणि तोडा. तलवार, ढाल असली तर उत्तम, पण बंदूकवाल्याचे सगळे काम या बारीकसारीक सामानावर चालते. शिंगडी म्हशीच्या शिंगाची करावी. पत्र्याची नको. बारुदाजवळ ठिणगी उडू शकेल असे लोखंड कोण ठेवील?

तोड्यावर मात्र थोडा वेळ घालवू या. ही सुती दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवायची. मग ती ज्योत न धरता निखाऱ्यासारखी धुमसत राहते. तासाला वीतभराच्या आसपास जळते. जाडी आणि सोरा यांप्रमाणे कमीजास्त. म्हणजे रात्रभराच्या पहाऱ्याला पाच-सहा हात दोरी लागणार. चाप ओढला की तोड्याचे टोक कानातल्या रंजकावर उतरते आणि बार उडतो. नळीत दारू ठासताना मात्र पेटते टोक दूर धरावे लागते. मुलांना ही हालचाल नीट शिकवा, डावा हात बाजूला नेऊन. प्रवेश त्यानेच खरा वाटेल. अंधारात तोड्याचा लाल ठिपका शत्रूलाही दिसतो, हेही नाट्याला उपयोगी पडेल.

आता आगरची हवा. कच्च्या सोऱ्यात मीठ आणि इतर क्षार असतात. ते दमट हवेतले पाणी ओढून घेतात आणि दारू सर्द होते. खाडीकाठच्या कोटाला वेढा घालणाऱ्याला ही अडचण रोजची. उपाय सोपा आहे. कढत पाण्यात सोरा खूप विरघळतो, गारात फार थोडा; मीठ दोन्हींत जवळपास सारखेच. म्हणून कढत द्रावण गाळून निवू दिले की सोऱ्याचे खडे तळाशी बसतात आणि मीठ पाण्यातच राहते. हे शाळेच्या प्रयोगशाळेत करून दाखवता येईल. गुरुजी, जमले तर नक्की करा. दारू मात्र बनवू नका, बाळगूही नका. शिंगड्या रिकाम्याच राहू द्या आणि नाटकात तोडाही विझलेलाच ठेवा. टोकाला शेंदूर लावला की काम होते.

पत्राच्या शेवटी लिहिले आहे की मुलांनी शिदोरीत चिकू ठेवायचे ठरवले आहे. ते काढून टाका. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या बागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या, म्हणजे दीडशे वर्षे उशिराच्या. नाचणीची भाकरी, कांदा आणि लाल मिरची चालेल. मिरची पोर्तुगीजांबरोबरच या किनाऱ्यावर आली होती.

पागोटी पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत मुलांकडून घरातली जुनी सुती धोतरे मागवून ठेवा. बांधणीचा सराव लांब कापडावरच करायचा आहे.