रक्तदाबाशी ओळख – भाग ६ : मीठ, अंबाडी आणि सर्पगंधा

गेल्या भागात घरच्या घरी रक्तदाब नीट कसा मोजायचा ते पाहिलं. वहीत १४६, १४८, १५० असे वरचे आकडे दिसू लागले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गोळीशिवाय हा खाली येईल का? बऱ्याच जणांचा येतो. किती येईल याचा अंदाजही करता येतो, आणि तो अंदाज ठाऊक असणं फार गरजेचं आहे. पाच अंक उतरवणाऱ्या उपायाकडून तीस अंकांची आशा धरली, तर माणूस कंटाळून सगळंच सोडून देतो किंवा चालू गोळी बंद करून भलत्याच भरवशावर बसतो. या दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते.

सुरुवात मिठापासून करू. मिठातलं सोडियम वाढलं की शरीर त्या प्रमाणात पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर जादा सोडियम ती बाहेर काढून टाकतात. वय वाढलं, वजन वाढलं, मधुमेह आला किंवा घराण्यातच तसा कल असला, की तेवढंच सोडियम बाहेर काढायला त्यांना जास्त दाब लागतो. अनेकांचा चढलेला दाब म्हणजे शरीराने मीठ बाहेर ढकलण्यासाठी दिलेली किंमत असते. ढकलायचं मीठच कमी केलं, तर तेवढा दाब लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात दिवसभरातलं सगळं आलं. आपल्याकडे सरासरी ८ ते ११ ग्रॅम मीठ खाल्लं जातं. आपल्या घरात किती जातं ते समजायला प्रयोगशाळा लागत नाही. चौघांचं कुटुंब, माणशी ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. या हिशेबाने एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. बाहेरचं खाणं जमेस धरलं तर दोन महिने. नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. बहुतेक घरांत ती महिन्याच्या आत संपते. लोणच्याच्या आणि वाळवणाच्या दिवसांत जास्तीचं मीठ येतं ते वेगळंच, आणि तेही वर्षभर आपल्याच पोटात जातं.

भाजी-आमटीतलं मीठ जिभेला कळतं, त्यामुळे तिथे हात आखडतो. खरी गडबड इतर जिन्नसांत होते. पापडात मीठ असतं आणि वर पापडखार असतो, तोही सोडियमचाच क्षार. ढोकळ्यातला, भज्यातला सोडा तसाच. पाव, खारी, बिस्किटं, फरसाण, सॉस, नूडल्सची मसाल्याची पुडी, बाटलीतलं आगळ, खारा बांगडा, सुकट या सगळ्यांत मीठ भरपूर असतं. पित्तासाठी पाण्यात टाकून घ्यायची फसफसणारी पावडर आणि विरघळणाऱ्या गोळ्या यांतही सोडियम असतं, हे तर फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

सैंधवाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. उपासाला चालतं आणि खाणीतून येतं म्हणून ते रक्तदाबाला चालेल, अशी समजूत पक्की बसली आहे. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच असतं. गुलाबी रंग अगदी अल्प खनिजांमुळे येतो, त्याने दाबात फरक पडत नाही. शिवाय साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, त्यामुळे कायम तेच वापरलं तर वेगळीच उणीव निर्माण होते.

मीठ एकदम तोडलं की घरात कुणीच जेवत नाही, आणि चार दिवसांत सगळं पूर्ववत होतं. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत गेलं तर दीड-दोन महिन्यांत जीभ सरावते आणि पूर्वीची आमटी खारट लागू लागते. कणकेत आणि भातात मीठ घालू नये. पानात डावीकडे मीठ वाढण्याची पद्धत बंद करावी, लिंबू मात्र ठेवावं. लोणच्याऐवजी ताजी कोथिंबिरीची किंवा लसणीची चटणी करावी, आणि तिच्यात मीठ बेताचं घालावं. आजारी माणसाचं वेगळं आणि इतरांचं वेगळं असं शिजवू नये. मिठाची सवय मुलांना त्याच ताटातून लागत असते.

मीठ बदललं तर काय होतं हे चीनमधल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं. तिथल्या ६०० खेड्यांतले सुमारे २१ हजार लोक तिच्यात होते. कुणाला आधी पक्षाघात होऊन गेलेला, कुणी साठीपुढचे आणि रक्तदाब असलेले. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ चालू ठेवलं, निम्म्यांत तीन भाग सोडियम क्लोराईड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराईड असं मिश्रण दिलं. जवळपास पाच वर्षांनी, २०२१ साली निष्कर्ष आले: मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी होते, मृत्यूही कमी होते. केवळ मिठाचा डबा बदलून एवढी माणसं वाचली, याचं मोल मला फार वाटतं. मात्र ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत (टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या त्यांतल्या), त्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मूत्रपिंडं चांगली असतील तर पोटॅशियम जेवणातूनच घेणं उत्तम. ते पुरेसं मिळालं की मूत्रपिंडं जास्त सोडियम सोडून देतात. मटकीची उसळ, पालक, रताळं, केळं, टोमॅटो, शहाळं यांत ते भरपूर आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत ‘डॅश’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ४५९ जणांना आठ आठवडे शिजवलेलं जेवण पुरवलं होतं. मीठ सगळ्यांना सारखंच; एका गटाला मात्र फळं, भाज्या, सुकामेवा आणि कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं जास्त दिलं. त्या गटातल्या ज्यांना रक्तदाब होता, त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला. एक गोळी साधारण एवढंच काम करते. हे जेवण आपल्याला परकं नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, पातळ ताक आणि एखादं फळ असं ताट त्याच्या फार जवळ जातं, पापड आणि तळण बाजूला ठेवलं तर.

वजनाचा हिशेब सोपा आहे: एक किलो उतरलं की साधारण एक अंक. आठवड्यातून दीडशे मिनिटं भरभर चालण्याने पाच ते आठ अंकांचा फरक पडू शकतो. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून अधांतरी बसण्याचा व्यायामही दाब चांगला उतरवतो. दोन-दोन मिनिटांचे चार फेरे, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीनदा. श्वास मात्र रोखून धरायचा नाही, आणि दाब खूप चढलेला असेल तर हा करायचा नाही. दारू जितकी कमी तितकं बरं. तंबाखू आणि मिश्री रक्तवाहिन्यांचं जे नुकसान करतात, ते कोणत्याही भाजीने भरून निघत नाही.

आता पूरक पदार्थ. विदर्भात लाल अंबाडीच्या बोंडांभोवतीच्या जाड लाल दलांची चटणी आणि सरबत करतात. तीच दलं वाळवून केलेला चहा अमेरिकेत ६५ जणांवर तपासला गेला. रोज तीन कप, सहा आठवडे. वरचा आकडा सुमारे ७ अंकांनी उतरला. नुसतं तसंच लागणारं पेय घेणाऱ्यांचा जेमतेम एक. चाचणी लहान आहे, तरी आशा वाटावी अशी आहे. सरबतात साखर आणि काळं मीठ ढकललं तर मात्र त्यातून काही मिळायचं नाही. बिटाच्या रसातल्या नायट्रेटचं तोंडातले जिवाणू रूपांतर करतात आणि त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो. म्हणून जंतुनाशक द्रवाने चुळा भरणाऱ्यांना त्याचा उपयोग कमी होतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी सरासरी दोनच अंक उतरतात. लसणीच्या कॅप्सूलांचा गुण थोडाफार दिसतो, पण रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. खोकल्यासाठी महिनोन्‌महिने ज्येष्ठमध चघळणाऱ्यांना तर सावध करायलाच हवं. त्यातलं ग्लिसऱ्हायझिन सोडियम धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि रक्तदाब चढवतं. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्याही चढवतात.

वनस्पती दाब उतरवू शकते, याचा सर्वांत ठोस पुरावा मुंबईतून जगाला मिळाला. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळाबद्दल लिहिलं होतं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रुग्णांना देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. तोवर चढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती फारसं काहीच नव्हतं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं नॉरॲड्रिनॅलिन रिकामं करतं, त्यामुळे वाहिन्या सैल पडतात. त्याच गुणामुळे काहींचं मन खोल उदास होऊ लागलं, नाक चोंदू लागलं. अधिक सोसवणारी औषधं आली तसं ते मागे पडलं. आजही सर्पगंधेची पूड सहज मिळते. तिच्या चमचाभरात रिसर्पिन किती आहे हे घरी कळत नाही, आणि चालू गोळ्यांवर ती घेतली तर दाब धोकादायक खाली जाऊ शकतो. ती वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये, आणि चालू गोळ्यांची यादी त्यांना दाखवूनच घ्यावी.

वरचा आकडा १४० ते १५९ मध्ये असेल, मधुमेह नसेल, हृदय आणि मूत्रपिंडं ठीक असतील, तर डॉक्टर बहुधा तीन महिने असे बदल करून बघायला सांगतात. १६० च्या वर गोळी आणि बदल बरोबरच सुरू व्हावेत. गोळी चालू असताना दाब सलग नीट राहिला तर मात्रा कमी करण्याबद्दल जरूर बोला, वही घेऊन जा, पण स्वतःहून बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या की दाब पूर्वीपेक्षा वर उसळतो. १८०/१२० च्या वर आकडा आणि त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा हातापायातली ताकद जाणं असेल, तर बीट नको, अंबाडी नको, थेट रुग्णालय गाठा.

(पुढच्या आठवड्यात : घोरणं, झोप आणि पहाटेचा रक्तदाब)