कोटीचा चढाईपटू बाकावरून उठणार कसा?

कबड्डीचा लिलाव झाला, की दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा होते ती चढाईपटूंच्या किमतीची. साहजिकच आहे. एकटा गडी समोरच्या सात जणांच्या अंगणात शिरतो, तेव्हा सगळ्यांचे डोळे त्याच्यावरच असतात. पण हाच गडी पकडला गेला, की बाकावर जाऊन बसतो आणि तिथून त्याला स्वतःच्या हिमतीवर उठता येत नाही. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला, तरच तो आत येतो. तोही आधी बाद झालेल्यांच्या मागून. म्हणजे पकड करणारे ढिले असतील, तर कोटीचा चढाईपटू टाळ्या वाजवत बसणार. सामना अवघा चाळीस मिनिटांचा!

ऑक्टोबर 2023 मध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. प्रत्येक संघाला खर्चासाठी पाच कोटी होते. तेलुगू टायटन्सने त्यातले 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये एकट्या पवन सेहरावतवर लावले. पवन खेळलाही झकास. पण संघाने 22 पैकी फक्त दोन सामने जिंकले आणि तो तळाला राहिला.

पुणेरी पलटणने उलटी चाल केली. 2 कोटी 35 लाख मोजले, पण महम्मदरझा शादलुई या इराणी डाव्या कोपरारक्षकावर. हे परवडले कशामुळे? चढाईची बाजू त्यांनी घरातच घडवली होती. आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार नवोदित म्हणून संघात आला होता, आणि अशा मुलांचे मानधन बेताचेच असते. जोडीला मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. एक बाद झाला तर दुसरा तयार. शिवाय अस्लम पकडीतही गुण मिळवतो, हा वेगळाच फायदा. (आपल्याकडे तालमीत पोरांना विचारा, कोपऱ्यात कोण उभे राहणार? हात वर करणारे थोडेच.) 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पुण्याने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लमच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पुढच्या हंगामात शादलुई 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला. पुण्याला बाद फेरीही गाठता आली नाही. सगळा दोष शादलुईच्या जाण्यावर टाकणे मला पटत नाही. अस्लम जखमी झाला होता, हेही तितकेच खरे. तिकडे पाटण्याच्या देवांक दलालने चढाईत सर्वांहून जास्त गुण मिळवले. पण 29 डिसेंबर 2024 रोजी, पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाच्या बचावाने त्याला जखडून ठेवले आणि 32-23 असा विजय मिळवला.