गंजलेली टाकी आणि पाण्याच्या बाटलीतले ॲसिड

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बऱ्याच घरांच्या पडवीत, खताच्या गोण्या आणि पेंढ्याच्या आड एखादी जुनी मोटारसायकल उभी असते. राजदूत, येझदी, क्वचित बुलेट. कधीकाळी वडिलांनी दूध घालायला, शाळेच्या नोकरीवर जायला किंवा म्हशाच्या जत्रेला जायला घेतलेली. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, राजदूतही इतिहासजमा झाली. पण या गाड्यांना आता पुन्हा मान आला आहे. मुलगा किंवा नातू एका सुट्टीत ठरवतो की गाडी चालू करायची. प्लग बदलतो, टायर बसवतो, टाकीचे झाकण उघडून मोबाइलचा उजेड आत टाकतो आणि दिसतात ते तांबूस, सुटलेले पापुद्रे.

हा गंज तसाच ठेवून पेट्रोल भरले तर गाडी दोन किलोमीटर जाऊन थांबते. पापुद्रे कॉकच्या जाळीत आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. गंज काढायलाच हवा, यात वाद नाही. मात्र गंज फक्त गाडीला छळतो. माणसाला इजा होते ती गंज काढण्याच्या खटपटीत, आणि ती गॅरेजच्या बाहेर, अंगणात, घरातल्या मुलाबाळांच्या समोर होते.

टाकी आतून का गंजते, हे इथल्या हवेत लिहिलेले आहे. पावसाच्या चार महिन्यांत या भागात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भातसा आणि तानसाची धरणे इथे आहेत ती उगाच नव्हे. अर्धी रिकामी टाकी म्हणजे दमट हवेचा डबा. रात्री पत्रा गार पडला की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन भिंतीला चिकटते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते आणि तिथले पत्र्याचे सांधे आधी खाल्ले जातात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि पाणी फार झाले की त्याच्यासह पेट्रोलपासून फुटून खाली उतरते. रोज चालणाऱ्या गाडीला याचा फारसा त्रास होत नाही. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीला होतो.

पहिली चूक टाकी रिकामी करताना होते. रबरी नळी आत सोडायची, दुसरे टोक तोंडात धरून ओढायचे आणि पेट्रोल आले की नळी खाली सोडायची. हे इतके सवयीचे आहे की त्यात काही धोका आहे असे कुणाला वाटतच नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ आणि पसरट. ठसका लागला की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरते आणि फुप्फुसाच्या पातळ पडद्यावर झपाट्याने पसरते. त्यासाठी घोटभर लागत नाही, एखादा मिलिलिटरही पुरतो. फुप्फुसातले वायुकोश उघडे ठेवणारा जो स्निग्ध थर असतो तोच पेट्रोल धुऊन काढते. मग काही तासांत खोकला, धाप, ताप. हा न्यूमोनिया जंतूंचा नसून रसायनाचा असतो, त्यामुळे सुरुवातीला अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.

अशा वेळी घरचे लोक मदत म्हणून मीठपाणी पाजून उलटी करवतात. पोटात गेलेले पेट्रोल त्या मानाने कमी त्रास देते; उलटीबरोबर ते वर येऊन फुप्फुसात जाण्याची संधी दुसऱ्यांदा मिळते. उलटी करवू नये, कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णालय गाठावे. ठसका लागून गेला आणि सहा तास खोकला, धाप, ताप यांपैकी काहीच नसेल तर सहसा काळजीचे कारण उरत नाही. पण हे सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली जावेत. नळी ओढण्यासाठी हातपंप किरकोळ किमतीत मिळतो. खरे तर बहुतेक जुन्या गाड्यांत खालचा कॉक उघडला तरी टाकी रिकामी होते.

टाकी १९९०च्या दशकापासून बंद पडून असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळलेले असे, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. इतक्या जुन्या टाकीच्या तळाचा काळा, चिकट गाळ बोटाने खरवडू नये. रबरी हातमोजे घालावेत.

आता ॲसिडकडे. गंज काढायला म्हणून सगळ्यात सहज हाती येते ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे संडास-बाथरूमच्या फरशीसाठी मिळणारे. ते गंज काढते, हे खरे. पण गंज संपला की ते थांबत नाही, खालचा चांगला पत्राही खाऊ लागते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हिशेब सोपा आहे: ३० ग्रॅम लोखंड विरघळले की साधारण १२ लिटर हायड्रोजन तयार होतो, म्हणजे एक टाकी भरून. ॲसिड ओतून, झाकण घट्ट लावून, टाकी खांद्यावर धरून हलवणारा माणूस त्या वेळी एक दाबाचा डबा हलवत असतो. झाकण उघडताच फवारा तोंडावर आणि डोळ्यांत येतो.

डोळ्यांत ॲसिड गेले तर औषध शोधत बसू नये. पाणी, नुसते पाणी, पापण्या उघड्या धरून किमान वीस मिनिटे. वीस मिनिटे फार असतात; दोन मिनिटांत बरे वाटते आणि माणूस थांबतो. तिथेच बुबुळ कायमचे पांढरे पडण्याची सुरुवात होते. शेजारी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण असेल तर ते ॲसिडच्या जवळही आणू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र काम संपल्यावर घडतो. उरलेले अर्धा लिटर ॲसिड टाकून देणे जिवावर येते, म्हणून ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरले जाते. बाटली पडवीत, कधी मोरीत, कधी थेट माठाच्या शेजारी. रंग पाण्यासारखा किंवा किंचित पिवळट. मे महिन्यात उन्हातून आलेले मूल किंवा शेतावरून आलेला माणूस ती तोंडाला लावतो.

ॲसिडचा एक घोट जीव घेईलच असे नाही, आणि म्हणूनच तो फसवा आहे. तोंड भाजते, छातीत-पोटात आग होते, दोन-चार दिवसांत माणूस खाऊ-पिऊ लागतो. जखम मात्र आत, बहुधा जठराच्या खालच्या तोंडाशी झालेली असते. भरताना ती आक्रसते. तीन-चार आठवड्यांनी जेवण पोटातच तुंबू लागते, उलट्या सुरू होतात, वजन उतरते; मग दुर्बिणीने मार्ग रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया. पहिल्या दिवशी बरे वाटले म्हणून घरी बसलेला रुग्ण महिन्याने हाडांचा सापळा होऊन येतो, हे चित्र सरकारी रुग्णालयांना नवे नाही.

असा घोट गेला तर उलटी करवू नये. वर येताना ॲसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. खाण्याचा सोडा पाजू नये. पोटात उष्णता आणि वायू तयार होतात. तोंड चूळ भरून स्वच्छ करावे, पोटात काही देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि ती बाटली बरोबर न्यावी. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय प्राथमिक उपचार करून पुढे पाठवू शकते. आतली जखम पाहण्यासाठी दुर्बिणीची तपासणी पहिल्या चोवीस तासांत व्हावी लागते, त्यामुळे ‘उद्या सकाळी बघू’ परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात विक्रीवर बंधने घातली. खरेदीदाराची नोंद, ओळखपत्र, अठरा वर्षांखालील कुणाला विक्री नाही. त्यामागचा हेतू वेगळा होता. घरात आल्यावर ती बाटली कुठे राहते, याची नोंद कोणतीच वही ठेवत नाही.

कपड्यांवरचे गंजाचे डाग काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते लागल्यावर आधी फारसे काही दिसत नाही. काही तासांनी हाडापर्यंत कळ जाते, कारण ते आत झिरपून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. लेबल नसलेले ‘रस्ट रिमूव्हर’ विकत घेऊ नये, एवढे या बाबतीत पुरे.

टाकीला भोक पडले की वेल्डिंगवाल्याकडे जायचे, ही पुढची पायरी. ॲसिडने धुतलेल्या टाक्या हमखास गळू लागतात, कारण भोक आधीच पडलेले असते आणि गंजानेच ते बुजवलेले असते. ‘टाकी रिकामी आहे, काही होत नाही,’ हे वाक्य इथे सर्वात महाग पडते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेट घेते. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वरची वाफ बहुधा त्याहून दाट असते. बारा लिटरच्या रिकाम्या टाकीत मात्र एक ते चार-पाच मिलिलिटर पेट्रोल उरले तरी वाफ नेमकी त्या पट्ट्यात येते. म्हणजे खोकल्याच्या औषधाचा एक चमचा. आणि एवढे पेट्रोल तर गंजाच्या पापुद्र्यांतच मुरलेले असते. नट-बोल्ट किंवा जुनी साखळी आत टाकून टाकी खडखडवण्याची पद्धतही याच कारणाने आधी टाकी न धुता वापरू नये. लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी पडू शकते. साबण आणि धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने टाकी दोन-तीनदा धुवावी, वेल्डिंग करायचेच तर सांध्याच्या जरा खालपर्यंत पाणी भरून ठेवावे आणि काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे.

मग गंज काढायचा कशाने? उत्तर किराणा दुकानात आहे. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात, हे प्रत्येक घरात माहीत आहे. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल ही सौम्य आम्ले गंज नुसता विरघळवत नाहीत, लोहाच्या कणाला दोन्ही बाजूंनी पकडून पाण्यात धरून ठेवतात. या पकडीला रसायनशास्त्रात दिलेले नाव ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आले आहे; पावसाळ्यात ओढ्यात चिंबोऱ्या धरणाऱ्यांना ती पकड वेगळी समजवायला नको. वैद्यकातही हीच युक्ती रोज वापरली जाते. रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट असते, ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते म्हणून पिशवीतले रक्त गोठत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यातून अंगात साठणारे जादा लोह अशाच नांगीदार औषधांनी बाहेर काढतात.

टाकीसाठी दर लिटर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व. आधी तेलकटपणा सोड्याने काढणे आवश्यक. टू-स्ट्रोक गाडीच्या टाकीत ऑइलचा पातळ थर असतो, तो राहिला तर लिंबूसत्त्व गंजापर्यंत पोहोचतच नाही आणि माणूस वैतागून पुन्हा जहाल ॲसिडकडे वळतो. कॉक काढून भोकाला रबरी बूच लावावे, द्रावण काठोकाठ भरावे, झाकण सैल ठेवावे, कारण थोडा हायड्रोजन इथेही सुटतो. काम मोकळ्या जागेत, बिडी-काडीपासून दूर. एक रात्र बहुधा पुरते, फार गंज असेल तर दुसरा दिवस. मग पाण्याने धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा खळबळून, पुन्हा धुऊन लगेच कडक उन्हात वाळवावे. ओला उघडा पत्रा पाहता पाहता पिवळट पडतो, म्हणून हे काम चैत्र-वैशाखात करावे, श्रावणात नव्हे. वाळल्यावर थोडे इंजिन ऑइल आत फिरवावे आणि टाकी पेट्रोलने भरून टाकावी. यात दोन दिवस जातात. पंचवीस वर्षे पडवीत काढलेल्या गाडीला दोन दिवसांची घाई नसावी.

टाकीच्या धारदार कडेने हात कापला की ‘गंजलेले लागले, धनुर्वात होईल’ असे म्हणतात. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, ते मातीत आणि शेणात असतात. गंजलेला खिळा बदनाम झाला, कारण तो मातीत पडलेला असतो. गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीवर काम करताना झालेली जखम मात्र खरोखरच त्या जंतूंच्या वाटेवर असते. शाळकरी मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस मिळते. त्यांच्या चाळिशीतल्या वडिलांनी ती शेवटची कधी घेतली हे बहुधा त्यांनाच आठवत नाही. जखम खोल आणि मळकी असेल आणि लस घेऊन पाच वर्षे होऊन गेली असतील, तर ती पुन्हा घ्यावी.

पेट्रोलचे पहिले धुवण विहिरीच्या किंवा ओढ्याच्या आसपास ओतू नये, गॅरेजमधल्या काळ्या ऑइलच्या पिंपात द्यावे. लिंबूसत्त्वाच्या हिरवट-तपकिरी पाण्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जावे. फेस येणे थांबले की त्यातले आम्ल संपले.