छताखालची धाव

धावणे, उड्या आणि फेकी या मैदानी प्रकारांचे बंदिस्त सभागृहात भरणारे रूप म्हणजे इनडोअर अॅथलेटिक्स. युरोप आणि उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात मैदाने गोठतात, आणि त्या काळात खेळाडूंचा सराव मोडू नये या गरजेतून एकोणिसाव्या शतकात हा प्रकार रुजला. लंडनमध्ये १८६३ साली छताखाली झालेल्या शर्यतींची नोंद आहे, तर १९०८ साली सुरू झालेली न्यूयॉर्कची मिलरोज स्पर्धा आजही भरते. जागतिक पातळीवर मात्र या प्रकाराला मान्यता मिळण्यास बराच काळ जावा लागला. जानेवारी १९८५ मध्ये पॅरिस येथे पहिल्या जागतिक इनडोअर क्रीडास्पर्धा झाल्या, १९८७ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे त्यांना अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला, आणि आशियाई इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा तर २००४ साली तेहरान येथे प्रथम भरली.

ज्या देशाच्या बहुतांश भागात हिमवर्षाव होत नाही त्या देशाला अशा स्पर्धेचे काय प्रयोजन, असे सहज वाटू शकते. परंतु भंडारा जिल्ह्यातील पवनीसारख्या, वैनगंगेच्या काठी आणि धानाच्या पट्ट्यात वसलेल्या गावाच्या बाजूने विचार केला तर ही शंका टिकत नाही. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत मातीची मैदाने चिखलाने भरलेली असतात, आणि त्यामुळे वेगाचा सराव नीट करता येईल असे महिने वर्षातून मोजकेच उरतात. थंड प्रदेशात थंडीमुळे जे होते तेच येथे ऊन आणि पाऊस मिळून करतात, आणि येथील खंड काही वेळा अधिक लांबतो.

या स्पर्धेचे स्वरूप समजून घ्यायचे तर प्रथम धावपट्टी पाहावी लागते. खुल्या मैदानावरील धावपट्टी ४०० मीटरची असते, तर सभागृहातील धावपट्टीचा फेरा २०० मीटरचा असतो आणि त्यावर बहुधा सहाच मार्गिका बसतात. फेरा निम्मा झाला की वळणाची त्रिज्याही जवळपास निम्मी होते. खुल्या धावपट्टीच्या वळणाची त्रिज्या सुमारे ३६.५ मीटर, तर सभागृहातील प्रमाणित धावपट्टीची सुमारे १७.२ मीटर असते. सेकंदाला आठ मीटर वेगाने वळण घेणाऱ्या धावपटूला खुल्या मैदानावर आतील बाजूस सुमारे १० अंश झुकावे लागते, आणि त्याच वेगाने सभागृहात वळताना हे झुकणे सुमारे २१ अंशांवर जाते. सपाट जमिनीवर एवढे झुकून धावले तर घोट्यावर विलक्षण ताण येतो आणि पाय घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून वळणावर धावपट्टीची बाहेरची बाजू उचलून तिला साधारण १० अंशांपर्यंत उतार दिला जातो. त्यामुळे पाय आणि पृष्ठभाग यांच्यामधला कोन पुन्हा खुल्या मैदानावरील कोनाच्या जवळ येतो. सभागृहातील धावपट्टी बशीसारखी खोलगट दिसते ती यामुळेच, आणि तिची रचना हा स्थापत्यशास्त्राचा एक देखणा नमुना मानावा लागेल.

तरीही उताराने सगळी अडचण मिटत नाही. आतल्या मार्गिकेचे वळण बाहेरच्या मार्गिकेपेक्षा नेहमीच अधिक आवळलेले राहते, आणि २०० मीटरच्या शर्यतीत, जिथे प्रत्येकाला अखेरपर्यंत आपापली मार्गिका सोडता येत नाही, तिथे सोडतीत आतली मार्गिका वाट्याला येणे म्हणजे धावण्यापूर्वीच मागे पडणे ठरू लागले. याच कारणाने २००४ च्या बुडापेस्ट स्पर्धेनंतर जागतिक इनडोअर अजिंक्यपदातून २०० मीटरची शर्यत काढून टाकण्यात आली. ४०० मीटरच्या शर्यतीत धावपटू पहिली दोन वळणे आपल्या मार्गिकेत पूर्ण करतात आणि मग सर्व जण आतल्या मार्गिकेकडे झेपावतात. त्या क्षणी होणारी दाटी आणि रेटारेटी खुल्या मैदानावरील ४०० मीटरमध्ये कधीच पाहायला मिळत नाही.

भालाफेक, थाळीफेक आणि हातोडाफेक यांना लागणारे अंतर सभागृहात मिळत नाही, म्हणून फेकीच्या प्रकारांपैकी केवळ गोळाफेक उरते. पाण्याच्या खड्ड्यासह धावायची ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतही येथे नसते, आणि त्यामुळे बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे, ज्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत रौप्यपदक मिळवले, त्याच्या मुख्य प्रकाराला या स्पर्धेत स्थान नाही. उड्यांचे चारही प्रकार मात्र येथे आहेत, आणि वारा नसल्यामुळे ते विशेष खुलतात. खुल्या मैदानावर पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक असेल तर लांब उडीचा किंवा तिहेरी उडीचा विक्रम धरला जात नाही. सभागृहात हा प्रश्नच उद्भवत नाही. बेलग्रेड येथील २०२२ च्या जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेत व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहास हिने तिहेरी उडीत १५.७४ मीटर आणि स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिस याने पोल व्हॉल्टमध्ये ६.२० मीटर असे जागतिक विक्रम नोंदवले. क्युबाच्या हाविएर सोतोमायोर याने १९८९ मध्ये बुडापेस्ट येथे नोंदवलेली २.४३ मीटर उंच उडी ही इनडोअर प्रकारातील अशीच एक थोर कामगिरी होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रकार ६० मीटर अडथळा शर्यतीचा आहे. पुरुषांच्या या शर्यतीत १.०६७ मीटर उंचीचे पाच अडथळे असतात. पहिला अडथळा १३.७२ मीटरवर येतो, पुढचे प्रत्येकी ९.१४ मीटर अंतराने येतात आणि शेवटच्या अडथळ्यानंतर ९.७२ मीटर उरतात. खुल्या मैदानावरील ११० मीटर शर्यतीत हेच अडथळे, त्याच उंचीचे आणि त्याच अंतरावर, दहा असतात. म्हणजे सभागृहातील शर्यत ही मोठ्या शर्यतीचा पूर्वार्धच होय. प्रारंभाचा झपाटा, पहिल्या अडथळ्यापर्यंतची पावले आणि दोन अडथळ्यांमधली तीन पावलांची लय या गोष्टी येथे एकट्या काढून घोटता येतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तेजस शिरसे याने २२ मे २०२४ रोजी फिनलंडमधील युवास्किला येथे ११० मीटर अडथळा शर्यत १३.४१ सेकंदांत पूर्ण करून सिद्धांत थिंगलाया याचा १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि २०२५ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील इनडोअर स्पर्धेत ६० मीटर अडथळ्यांसाठी ७.६४ सेकंदांची राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली. त्याचा सराव झाला तो ओडिशातील भुवनेश्वर येथे, जेथे आशियाई इनडोअर स्पर्धेत २०२४ मध्ये ८.१२ सेकंदांसह सुवर्णपदक मिळवणारी आंध्र प्रदेशची ज्योती याराजी हीदेखील घडली. पुण्याजवळ बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून मोठे क्रीडासंकुल आहे, २०१३ ची आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धाही तेथे झाली. असे असताना मराठी अडथळापटूला अशा सरावासाठी राज्याबाहेर जावे लागावे, ही बाब खेदाची आहे.

पवनीपुरते बोलायचे तर तेथे जागतिक दर्जाचे सभागृह उभारण्याची कल्पना कोणी मांडणार नाही आणि तिची गरजही नाही. गरज आहे ती सरळ पट्टीची. ६० मीटरच्या शर्यतीला वळण लागत नाही. प्रारंभरेषेच्या मागे थोडी जागा आणि अंतिम रेषेपुढे थांबण्यासाठी दहा-पंधरा मीटर मोकळे अंतर धरले तरी सुमारे ८० मीटर लांबीचे, चार मार्गिकांचे, दोन्ही बाजूंनी हवा खेळती राहील असे छप्पर पुरते. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२३ पासून सभागृहातील विक्रमांची गणना 'इनडोअर' ऐवजी 'लहान धावपट्टी' या नावाने सुरू केल्यामुळे भिंती ही काही अट राहिलेली नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

अशा छपराचा उपयोग केवळ विक्रमवीरांना होईल असे नाही. विदर्भातील तालुक्याच्या गावांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करत असतात. त्या भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. जून २०२४ मध्ये ही चाचणी पावसाळ्याच्या तोंडावरच सुरू झाली, आणि पावसामुळे जेथे मैदान वापरता आले नाही तेथे उमेदवारांना पुढची तारीख देण्याची व्यवस्था करावी लागली. लांब पल्ल्याचा सराव पावसातही डांबरी रस्त्यावर करता येतो. १०० मीटरसाठी लागणारा झटपट प्रारंभ आणि गोळाफेकीच्या वर्तुळातील पदन्यास मात्र निसरड्या जमिनीवर शिकता येत नाही, आणि हे दोन्ही ८० मीटरच्या छपराखाली, एका टोकाला गोळाफेकीचे वर्तुळ आखून, भर आषाढातही शिकवता येतात.