सोबत्याच्या घरचे ताट

तुमचा मुलगा आठवीत आहे. त्याचा एक सोबती रोज शाळा सुटली की तुमच्या घरी येतो. सपरीत बसतो. अभ्यास संपतो, दिवेलागण होते, तरी उठत नाही. ‘जा बाबू, आई वाट पाहत असेल,’ म्हटले की खाली पाहतो. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालतो. पाठीवर हात ठेवला तर दचकतो. अशा मुलाला आपण रिकामटेकडा म्हणतो. पण त्याला घरी जायची भीती वाटत असते.

करडीसारख्या गावात कोणाच्या घरी काय चालते ते शेजाऱ्याला ठाऊक असते. रात्री आरडाओरड ऐकू येते. कोणी दारू पिऊन मारतो, कोणी न पिताही मारतो. मारणारी आईही असते. सकाळी रोवणीला सारे एका बांधीत उतरतात, पण विषय कोणी काढत नाही. ‘बापानं पोराला मारलं, त्यात आपण काय बोलायचं?’ मोठी माणसे अशी गप्प राहिली, की त्या मुलाला उरतो कोण? त्याच्याच वयाचा सोबती.

हा सोबती फार मोठे ओझे उचलतो. ‘शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस.’ चौदा वर्षांचे पोर शपथ घेते आणि पाळते. आपल्या डब्यातले अर्धे देते. बाप शोधत आला तर ‘इकडे आला नाही’ असे सांगते. लोक त्याला खोटारडा म्हणतात. मला तरी ती लबाडी वाटत नाही. पण शपथेने मार थांबत नाही. वळ वाढतात. मुलगा पळून जाण्याच्या गोष्टी बोलू लागतो, कधी जीव देण्याच्याही. तेव्हा शपथ मोडलीच पाहिजे. हे त्या सोबत्याला समजावणे तुमचे काम. ‘तू चहाडी केली नाहीस, बाबू. एकट्याला उचलत नव्हतं, म्हणून दुसऱ्याला हात लावायला बोलावलंस,’ असे त्याला सांगा.

पळून गेलेल्या मुलाला कधी चांगले घर मिळते. कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा. त्यांच्या वडिलांचा स्वभाव फार कडक, मुलाला त्यांचा जाच होता. आई वारली आणि कोवळ्या वयातच टिळकांनी घर सोडले. ते नाशिकला गेले. तिथे परक्या घरात त्यांना आधार मिळाला. गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी ते संस्कृत शिकले. पुढे ते नागपुरास आणि राजनांदगावासही राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात टिळकांच्या घरची हकिकत लिहिली आहे. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षर त्या लग्नानंतर शिकल्या. तुम्हीही एक दिवस ते पुस्तक वाचाल.

पण पळणाऱ्या प्रत्येक पोराला नाशिकचे घर मिळत नाही. कित्येक रेल्वेच्या फलाटावर राहतात आणि वाईट माणसाच्या हाती लागतात. म्हणून पोर गावात आहे तोवरच हालचाल करावी.

आधी त्याला जेवू घाला. खोदून खोदून विचारू नका. बोलला तर ऐका. आणि एक गोष्ट मुळीच करू नका. त्याच्या बापाला चार लोकांत गाठून शरमवू नका. तो राग रात्री पोराच्याच पाठीवर निघतो. मुलाला गुपचूप लपवूनही ठेवू नका. उद्या तुमच्यावरच पोर पळवल्याचा आळ येईल.

त्याच दिवशी १०९८ ला फोन करा. एक, शून्य, नऊ, आठ. फोनला पैसे पडत नाहीत. रात्रीही लागतो. ही सोय १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता ती सरकार चालवते. मुलगा स्वतः फोन करू शकतो, त्याचा सोबतीही करू शकतो. गावातल्या अंगणवाडीताई किंवा शाळेतल्या बाई-गुरुजींनाही सांगता येते.

कायदा काय म्हणतो? २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालचे ते मूल. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला छळले, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते. त्यात एक अध्यक्ष आणि चार सभासद. सभासदांत निदान एक बाई हवीच. कोणीही भला माणूस मुलाला समितीपुढे नेऊ शकतो. नेले तर चोवीस तासांच्या आत न्यावे, प्रवासाचा वेळ सोडून. अंगचटीचा, अब्रूचा प्रकार असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. तिथे ठाऊक असून न कळवणे मोठ्या माणसाला गुन्हा आहे. मुलांना नाही. आपला मुलगा इतके दिवस गप्प राहिला म्हणून त्याला कोणी पकडणार नाही. पीडित मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापायलाही बंदी आहे.

‘मला आश्रमात टाकतील, आईपासून तोडतील,’ ही मुलाची मोठी भीती. ती उगाच नाही, पण पुरती खरीही नाही. बालगृह हा शेवटचा उपाय, असे कायदाच सांगतो. समिती आधी पाहते, घर सुधारते का, मामा-आजी सांभाळतील का. बऱ्याचदा मूल घरीच परत येते. तेव्हा सोबत्याला पुन्हा काम असते. वर्गात शेजारी बसायचे, नवा वळ दिसला तर त्याच दिवशी तुम्हाला सांगायचे. तुम्ही मग पुन्हा १०९८ लावायचा. दुसऱ्यांदा कळवले म्हणून तिथे कोणी रागावत नाही.