गांवचें पर्जन्यपत्रक चावडीवर वाचावें

हवामानबदलाविषयीं हल्लीं पुष्कळ बोललें जातें. परंतु ध्रुवावरील बर्फ वितळतें हें ऐकून मृगांत पेरणी करावी कीं थांबावें, याचा उलगडा होत नाहीं. शेतकऱ्यास त्याच्याच शिवारांतील आंकडे दाखविले, तरच तो विषय त्याचा होतो. तालुका कचेरींत पर्जन्याची नोंद ठेवण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे कांहीं वर्षें होतें. बेरीज वरिष्ठांकडे जाई व पत्रक दप्तरांत बांधलें जाई. गांवास तें कधीं वाचून दाखविलें नाहीं, ही चूक आतां जाणवते.

कारण नुसती बेरीज फसविते. समजा, ६०० मिलिमीटर पाऊस एका वर्षीं ५० दिवसांत पडला व दुसऱ्या वर्षीं २५ दिवसांत. बेरीज तीच, परंतु दुसऱ्या वर्षीं पाणी माती घेऊन ओढ्यास जातें आणि मधल्या उघडिपींत पीक करपतें. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं दाखवून दिलें कीं, १९५१ ते २००० या काळांत मध्य भारतांत मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले, आणि सरासरींत मात्र विशेष फरक पडला नाहीं. हवा तापली म्हणजे दर अंशामागें तींत शेंकडा सुमारें ७ बाष्प अधिक मावतें. म्हणून पाऊस पडतो तेव्हां जोरानें पडतो. हवामान खात्यानेंही २०२० सालीं पावसाच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईहून परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजीं ८ ऑक्टोबर केली. कोंकणांत कापणीस आलेल्या हळव्या भातास याचा अर्थ काय, हें सांगावयास नको.

तरी प्रत्येक गांवानें मृगापूर्वीं ग्रामसभेंत पत्रक वाचावें. त्यांत तीन गोष्टी असाव्या: पावसाचे दिवस (२.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झालेला तोच पावसाचा दिवस), सर्वांत लांब उघडीप, आणि ६५ मिलिमीटरपेक्षां अधिक पावसाचे दिवस. हे आंकडे महसूल मंडळाच्या नोंदींवरून काढतां येतात. जुन्या ३० वर्षांशेजारीं अलीकडील १० वर्षें मांडावीं. एका अवर्षणावरून निष्कर्ष काढूं नये. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें ४,००० लिटर पाणी, असें सांगितलें कीं सर्वांस समजतें. वृद्धांच्या आठवणीही ऐकाव्या व पत्रकाशीं ताडून पाहाव्या.

नगरकडील हिवरे बाजार गांवीं पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडून मगच पिकें ठरवितात. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचें दुप्पट कर्ज होय. तें टाळावयाचें असेल, तर दप्तराची गांठ सोडली पाहिजे.