कंटेनर प्रतिमा-भांडार
कंटेनर प्रतिमांची साठवण, नोंद व वाटप करणारी संगणकीय सेवा. व्यवहारात तिला ‘रजिस्ट्री’ म्हणतात. एखादी आज्ञावली (सॉफ्टवेअर), तिला लागणाऱ्या साहाय्यक आज्ञावल्या आणि ती सुरू करण्याच्या सूचना यांच्या एकत्र बांधलेल्या संचास प्रतिमा (इमेज) म्हणतात. ही प्रतिमा संगणकावर चालविली की तिच्यापासून ‘कंटेनर’ निर्माण होतो. डॉकर ही प्रणाली २०१३ मध्ये खुली झाल्यानंतर ही पद्धत झपाट्याने रूढ झाली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ या संस्थेने प्रतिमेची रचना व भांडाराशी होणारी देवघेव यांची प्रमाणके ठरविली. त्यामुळे एका साधनाने बांधलेली प्रतिमा दुसऱ्याच कंपनीच्या भांडारातही ठेवता येते.

प्रतिमेची ओळख : प्रतिमा अनेक थरांची बनलेली असते. प्रत्येक थराच्या आशयावरून एसएचए–२५६ या गणिती पद्धतीने ६४ चिन्हांची खूण काढतात. तिला ‘डायजेस्ट’ म्हणतात. आशयात एका बिटाचा फरक पडला, तरी ही खूण बदलते. भांडारात आधीच असलेला थर पुन्हा पाठवावा लागत नाही व प्रतिमा उतरवून घेणारा संगणकही आपल्याजवळ नसलेलेच थर मागतो. थरांची यादी देणाऱ्या पत्रकास स्वतःचा डायजेस्ट असून तोच प्रतिमेची खरी ओळख होय. याउलट ‘टॅग’ ही माणसांच्या सोयीसाठी लावलेली चिठ्ठी असते. ती सामान्यतः एका प्रतिमेवरून काढून दुसरीवर लावता येते. ‘लेटेस्ट’ हा टॅग तर फसवाच आहे. टॅग न सांगितल्यास तो गृहीत धरला जातो, एवढाच त्याचा अर्थ. ती प्रतिमा सर्वांत नवी असेलच असे नाही.

स्वयंचलित वितरण : आज्ञावलीतील बदल जमा होताच प्रतिमा बांधणे, ती भांडारात ठेवणे, तिच्या चाचण्या घेणे व शेवटी ती प्रत्यक्ष सेवेत आणणे हे टप्पे यात यंत्रणेकडूनच एकामागून एक पार पाडले जातात. चाचणीसाठी एकदा व सेवेसाठी पुन्हा अशी दोनदा बांधणी केल्यास मधल्या काळात एखादी साहाय्यक आज्ञावली बदललेली असू शकते आणि चाचणी न झालेली वस्तू ग्राहकापर्यंत पोहोचते. म्हणून प्रतिमा एकदाच बांधून तिचा तोच डायजेस्ट टप्प्याटप्प्याने पुढे नेणे इष्ट.

मुंबई उपनगरे : अंधेरी (पूर्व) येथील सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९७३ मध्ये स्थापन झाले. सुरुवातीच्या काळात आज्ञावल्या चुंबकीय फितींवर नोंदवून परदेशी जात. फितीच्या वेष्टनावरील चिठ्ठी आणि फितीवरील प्रत्यक्ष नोंद एकच असल्याची खात्री तेव्हाही वेगळी करून घ्यावी लागे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गुगलने २०१७ मध्ये मुंबई विभागातून मेघ-संगणन सेवा सुरू केल्याने प्रतिमा शहराजवळच ठेवण्याची सोय झाली. तिची गरज लवकरच जाणवली. ‘डॉकर हब’ या सार्वजनिक भांडाराने नोव्हेंबर २०२० मध्ये, ओळख न देता प्रतिमा उतरविणाऱ्यांवर एका इंटरनेट पत्त्यामागे सहा तासांत १०० ची मर्यादा घातली. एका कार्यालयातील शेकडो संगणक बाहेर बहुधा एकाच पत्त्याने दिसतात; अशा ठिकाणी मर्यादा संपली की बांधणीच अडते. यावर उपाय म्हणजे नेहमीच्या प्रतिमांची प्रत स्वतःच्या भांडारात ठेवणे.

शेअरबाजारातील नियमित व्यवहार सकाळी ९·१५ वाजता सुरू होतात. रात्री सेवेत आणलेल्या आज्ञावलीत दोष असल्याचे दलालाच्या कार्यालयात नऊ वाजता लक्षात आले, तर दुरुस्ती करून नव्याने बांधणी करण्यास अवधी नसतो. आदल्या दिवशीची प्रतिमा परत मागविणे एवढेच हाती राहते. ती टॅगने मागविली आणि दरम्यान टॅग नव्या प्रतिमेवर लावला गेला असेल, तर दोषयुक्त प्रतिमाच परत येते. जागा वाचविण्यासाठी जुन्या प्रतिमा आपोआप पुसण्याचा नियम भांडारास लावलेला असतो. तो बेताने न ठरविल्यास हवी असलेली प्रतिमा तेथे नसतेच. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षा चौकटीत महत्त्वाच्या प्रणालींतील आज्ञावलीच्या घटकांची सूची मागितली आहे. ही सूची प्रतिमेबरोबर भांडारात ठेवता येते. मात्र ती टॅगशी नव्हे, तर डायजेस्टशी जोडलेली असावी लागते.